उर्मिलाच्या नावाचे चौदा कागद

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, नागपूरच्या बहिणीला नाही. आई गेली तेव्हा शेवटचे दोन दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. तिला ऐकू येणंही थांबलं होतं, म्हणजे सांगायला त्याहून सोपी जागा कुठली? — तरी नाही सांगितलं. सात वर्षं झाली. एखादी गोष्ट इतकी वर्षं तोंडात धरून ठेवली की ती बाहेर काढायची रीतच विसरायला होते. त्यामुळे मी अडखळेन. मधेच भलतंच काही सांगत बसेन. तसं झालं तर समजा की मी टाळतेय.

आधी मी कोण, ते सांगते. हेही टाळणंच आहे, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं.

मी मेश्राम. माहेर नागपूर, सासरही नागपूर. नवरा सरकारी कंपनीत इंजिनिअर. त्यांच्या बदलीबरोबर लखनौला आलो आणि इथलेच झालो. विकास नगरला घर आहे. घरात आम्ही दोघं मराठी बोलतो, मुलगी मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. मी गोमती नगरच्या एका संस्थेत नोकरी करते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नाही. चूक माझी आहे आणि ती मी एकटीने केली.

आमचं काम स्वयंसेवकांचं. पण माझं काम स्वयंसेवकांशी नाही, त्यांना जमवून, धरून ठेवणाऱ्यांशी. दर गावात, दर मोहल्ल्यात आमची एक समन्वयक असते. तीही फुकट राबते आणि आणखी दहा-बारा फुकट राबणाऱ्यांना सांभाळते. आज कोण येणार, कोण रुसलंय, कुणाची सासू नको म्हणतेय, कुणाचा नवरा विचारतोय की यातून मिळतं काय — हे सगळं तिच्या डोक्यात. ती सगळ्यांची विचारपूस करते. मग तिची विचारपूस कोण करणार? मी. त्याचाच मला पगार आहे.

त्यासाठी मी एक पद्धत काढली होती. होय, मीच. महिन्यातून एकदा प्रत्येक समन्वयकाला अर्धा तास फोन करायचा. आम्ही त्याला ‘हालचाल फोन’ म्हणायचो — हिंदीत हालचाल म्हणजे खुशाली. नियम असा की पहिली दहा मिनिटं कामाचा शब्द काढायचा नाही. जेवलात का, झोप लागते का, घरी कोण आजारी आहे का — एवढंच. माणसं आधी ‘सब ठीक है’ म्हणतात. दहा मिनिटं तुम्ही थांबलात तर अकराव्या मिनिटाला खरं बोलतात. मग फोन ठेवल्यावर एक कागद भरायचा. त्यावर चार प्रश्न, खाली माझी सही. तो कागद मी स्वतः पट्टीने रेघा मारून आखला होता. आमच्या सरांनी — संस्थेचे प्रमुख, आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो — तो सगळ्यांना दाखवला होता. मी खूप खूश झाले होते तेव्हा.

आता उर्मिला.

मोहनलालगंजच्या पलीकडे, रायबरेली रस्त्यापासून आत तिचं गाव. चाळिशीची बाई, अंगाने बारीक, चालणं भराभर. आठवी शिकलेली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरात आणायचं काम तिच्या गटाकडे होतं. गावातली स्वयंसेवक बाई म्हाताऱ्या माणसाला बसने आलमबागच्या बस अड्ड्यापर्यंत आणायची. तिथे चौकशीच्या खिडकीपाशी शहरातला स्वयंसेवक उभा असायचा. तो पुढे इस्पितळात न्यायचा, आणि ऑपरेशन झालं की पुन्हा तिथेच आणून गावच्या बाईकडे सोपवायचा. एक नियम होता — म्हाताऱ्या माणसाचा हात दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय सोडायचा नाही. अक्षरशः. हा नियम उर्मिलाने काढला होता. पहिल्याच बैठकीत उठून उभी राहिली आणि म्हणाली, “बूढ़ा आदमी सामान थोड़े है कि रख के चल दिए.” सगळे हसले. सरांनी नियम लिहून घेतला.

तिच्या गटात सुरुवातीला अकरा बायका होत्या. तिच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगाने लिहिलं होतं — उर्मिला, समन्वयक. तिच्या सासऱ्यांचं नाव दारावर होतं, नवऱ्याचं मतदारयादीत. तिचं स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं असेल तर ते त्या भिंतीवर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला आधी भिंत दाखवली, मग पाणी दिलं.

पहिलं वर्ष मी तिला दर महिन्याला फोन केला. हे खरं आहे. त्याचा पुरावा माझ्या वहीत आहे. फोनवर बोलताना मी मराठीत टिपणं काढायचे — भराभर, तुटक. ऑफिसात कुणी ती वही उचलली तर अक्षरं ओळखीची म्हणून मोठ्याने वाचायचा, अर्धं समजायचं, मग हसून ठेवून द्यायचा. ‘धाकटीला खोकला. सासू बोलत नाही. सुनीताचं लग्न ठरलं, आता दहाच. रडली थोडी. माझा गुडघा विचारला.’ असं. माझा गुडघा तेव्हापासून दुखतोय आणि ती दर वेळी न चुकता विचारायची. मी तिची हालचाल विचारायला फोन करायचे आणि ती माझीच विचारून घ्यायची.

मग वहीत पानं कोरी आहेत.

पहिला महिना सहज चुकला. मुलीची बारावीची परीक्षा होती, घरात पाहुणे होते, एकतीस तारीख आली आणि सगळे कागद भरून द्यायचे होते. बाकीच्यांना मी घाईघाईत फोन केले. उर्मिलाचा राहिला. म्हटलं, तिचं काय, ती खमकी आहे. आणि मी कागद भरला — फोन न करता. चार प्रश्न, चार उत्तरं. ‘स्वयंसेवक नियमित. समन्वयक प्रसन्न. कोई कठिनाई नहीं. सहायता की आवश्यकता — नहीं.’ खाली सही. दोन मिनिटं लागली. काही झालं नाही. कुणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मी तिला फोन करणार होते, दोन महिन्यांचं एकदम बोलणार होते.

तुम्हाला वाटेल, आळस. मलाही तसंच वाटायला आवडलं असतं. आळशी असणं फार वाईट नाही. पण ते खरं नाही. बाकीच्या सगळ्या समन्वयकांना मी फोन करत होते. फक्त हिला नाही.

का? कारण हिचं खरं ऐकावं लागलं असतं. शेवटच्या दोन फोनवर तिच्या बोलण्यातून मला कळलं होतं की बायका गळताहेत. एकीचं लग्न, दुसरीला दिवस गेलेले, तिसरीच्या नवऱ्याने दम दिलेला. नवीन कुणी येत नव्हतं. तिला मदत हवी होती. म्हणजे मी गावात जायचं, दारोदार फिरायचं, नवऱ्यांशी बोलायचं, सासवांसमोर बसायचं. आणि परत येऊन सरांना सांगायचं की सर, जे गाव आपण सगळ्यांना दाखवतो, ते मोडत चाललंय. आणि ते गाव मी दाखवत होते. कानपूरला, वाराणसीला, जिथे बोलवतील तिथे मी पडद्यावर उर्मिलाच्या गटाचा फोटो लावून सांगायचे की योग्य आधार दिला तर खेड्यातली बाई कसं काम उभं करते. फोटोत अकरा बायका होत्या. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या मला हव्या होत्या. फोन केला असता तर फोटो काढून टाकावा लागला असता.

म्हणून मी फोन केला नाही. एक महिना, दोन महिने, पाच, नऊ. दर महिन्याला कागद भरला. एकच मजकूर नको म्हणून मी त्यात बदलही करायचे, काय सांगू तुम्हाला. कधी लिहायचे, ‘नई बहनें जुड़ना चाहती हैं.’ कधी, ‘घर में सब कुशल.’ तिच्या घरचं कुशल मी गोमती नगरमध्ये खुर्चीवर बसून लिहीत होते. असे चौदा कागद.

मधे ती फोन करायची. मी उचलायचे नाही. ‘मीटिंग में हूँ, बाद में’ असा निरोप पाठवायचे. ‘जी दीदी’ असं उत्तर यायचं. हळूहळू तिने बंद केलं.

आणि एकदा ती स्वतः ऑफिसात आली. हे मला सांगायचं नव्हतं. पण आता एवढं सांगितलंय तर हेही ऐका. भर दुपारी, दोन बस बदलून, पिशवीत छपरावरच्या वेलाची लौकी, आपला दुधी, घेऊन. खाली बसलेल्या मुलीने मला वर फोन केला, की मैम, उर्मिला दीदी आई हैं. मी म्हटलं, सांग मी बाहेर गेलेय. आणि मी मागच्या खोलीत, जिथे जुने बॅनर आणि खुर्च्या ठेवतात, तिथे जाऊन उभी राहिले. पाऊण तास. ती थांबली होती, म्हणून मीही थांबले. खिडकीतून मला ती रस्त्यावर जाताना दिसली. हातात पिशवी नव्हती. लौकी तिने माझ्यासाठी ठेवली होती. मी ती घरी नेली. भाजी केली. ह्यांनी दोनदा वाढून घेतली.

त्या महिन्याच्या कागदावर मी काय लिहिलं असेल? ‘समन्वयक स्वयं मिलने आईं. प्रसन्न.’

माझे बाबा पोस्टमन होते. संध्याकाळी विहारात वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका घ्यायचे, तीस वर्षं, कुणी सांगितलं म्हणून नाही. हजेरीची वही होती. पावसाळ्यात एकच पोरगी आली तर ते ‘एक’ लिहायचे. मी लहानपणी विचारलं होतं, कोण बघतं ही वही? ते म्हणाले, कुणी नाही. एवढंच म्हणाले आणि पुढचं पान आखायला लागले. मला हे तेव्हाही आठवत होतं, कागद भरताना. आठवत नव्हतं असं कसं म्हणू?

आता तो दिवस.

फूलमती अम्मा म्हणून उर्मिलाच्या गावातली एक म्हातारी होती. एका डोळ्याने आधीच दिसत नव्हतं. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि तिला परत न्यायचं होतं. गावाकडून आलमबागला कुणीतरी यायला हवं होतं. पण कुणी उरलंच नव्हतं. हे मला नंतर कळलं — म्हणजे मला कळायला हवं होतं तेव्हा मी कळून घेतलं नाही. सहा-सात महिने उर्मिला एकटीच सगळ्या फेऱ्या करत होती. दर म्हाताऱ्या माणसाबरोबर तीच येत होती, तीच नेत होती. त्या दिवशी तिच्या धाकट्या मुलीला झटके आले. तापाने फणफणलेली पोर टाकून ती निघू शकत नव्हती. तिने मला फोन केला. सकाळी तीन वेळा.

मी तेव्हा गोमती नगरमधल्या एका सभागृहात होते. वीसेक संस्थांची माणसं समोर होती आणि माझा विषय होता — समन्वयकांना एकटं पडू न देणं. हसू नका. किंवा हसा. फोन टेबलावर होता, आवाज बंद होता, पण उजेड दिसत होता. उर्मिला. मी नाव वाचलं. फोन पालथा घातला आणि बोलत राहिले. पुन्हा थरथरला. पुन्हा. मग थांबला. जेवणाच्या सुट्टीतही मी उलटा फोन केला नाही. मी लोकांशी बोलत होते. लोक म्हणत होते, किती सुंदर कल्पना आहे हालचाल फोनची.

इकडे अड्ड्यावर शहरातले स्वयंसेवक — निवृत्त शिक्षक होते, सज्जन माणूस — अम्माचा हात धरून दोन तास उभे होते. शेवटी त्यांनी उर्मिलाला फोन लावला. ती रडत होती. म्हणाली, मास्टरसाहेब, अम्माला बसमध्ये बसवून द्या, कंडक्टरला सांगा, मी फाट्यावर उभी राहते, शेजारणीजवळ मुलगी ठेवून येते. नियम तिचाच होता. तिनेच तो मोडायला सांगितला, कारण तिला विचारायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी बसवून दिलं.

उर्मिला फाट्यावर पोचली तेव्हा बस उभी राहिली, पण अम्मा उतरली नाही. ती आधीच कुठेतरी उतरली होती. गर्दीत कुणी म्हटलं असेल, आपलं गाव आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, अलीकडच्या एका बाजारात, एका बंद दुकानाच्या पायरीवर. डोळ्यावरची पट्टी नव्हती. हात मातीचे होते आणि ती त्या हातांनी डोळा चोळत होती. डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. म्हणजे दोन्ही गेले.

मी इथे थांबू शकते. पण माझा गुन्हा अजून पुरा झालेला नाही.

आठवड्याने सरांनी बैठक बोलावली. सर, मास्टरसाहेब, मी आणि उर्मिला. मास्टरसाहेबांनी जे घडलं ते सांगितलं आणि सांगताना त्यांना रडू आलं. सर उर्मिलाला ओरडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, तुमच्याकडे माणसं नव्हती तर सांगितलं का नाही? आम्ही दर महिन्याला फोन करतो तो कशासाठी? आणि त्यांनी फाइल उघडली. माझे कागद. एकेक करून वाचले — स्वयंसेवक नियमित. प्रसन्न. सहायता की आवश्यकता, नहीं. नहीं. नहीं. ‘स्वयं मिलने आईं. प्रसन्न.’

उर्मिला ऐकत होती. तिला एकेक कागदाबरोबर कळत गेलं, मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. तिला न आलेले फोन तिला वाचून दाखवले जात होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी तेव्हा काय करायला हवं होतं, हे पहिलीतलं पोरही सांगेल. एक वाक्य होतं. ‘सर, मी फोन केले नाहीत.’ पाच शब्द. माझ्या तोंडात आले होते ते. मी पाण्याचा ग्लास उचलला.

आणि उर्मिला सरांना म्हणाली, “जी, दीदी का फोन तो बराबर आता था. हम ही नहीं बताए.”

सरांनी विचारलं, का?

ती म्हणाली, “संकोच में.”

सरांनी फाइलमध्ये लिहिलं, माहिती लपवली. तिला समन्वयक पदावरून काढलं. मी खाली सही केली, कारण त्या कागदावर माझीही सही लागत होती.

बाहेर जिन्यात ती माझ्यासाठी थांबली होती. मी तिच्यापुढे मान खाली घालून उभी. ती हळूच म्हणाली, “दीदी, आपकी तो नौकरी है. हमारा क्या, हमारा तो ऐसे ही था.” आणि उतरून गेली. मला शिवी दिली असती तर — पण नाही, तिने ती दिली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं हा मुद्दा नाही.

ऐसे ही था. पगार नाही म्हणून काही नव्हतंच, असं ती म्हणत होती. मीच तर सभांमधून सांगते की स्वयंसेवेची किंमत होत नाही. गावाने मात्र तिच्याकडून पुरेपूर वसूल केलं. अम्माच्या मुलांनी तिच्या दारात येऊन तमाशा केला. बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिच्याबरोबर पूर्वी फिरणाऱ्या बायकाच सगळ्यात आधी. भिंतीवरचं नाव तिच्या सासऱ्यांनी चुन्याने पुसलं. अम्मा दोन वर्षं जगली, अंधारात. मी ऐकलंय की उर्मिला रोज तिला जेवू घालायला जायची, आणि रोज सून दार उघडायची नाही, आणि उर्मिला ताट पायरीवर ठेवून यायची. मी ऐकलंय म्हणते, कारण मी बघायला गेले नाही.

माझं काय झालं? माझं चांगलं झालं. हालचाल फोन आता पुष्कळ संस्था करतात. मी जाऊन शिकवते, शहरात आणि खेड्यातही. पट्टीने आखलेला कागद आता छापून मिळतो, आणि त्याच्यासोबत कसा भरावा याचा एक नमुना असतो, नाव झाकलेला. दोन वर्षांपूर्वी सरांनीच फाइलमधून एक कागद निवडला, सुवाच्य होता म्हणून. तो उर्मिलाचा आहे. चौदांतला एक. मी प्रत्येक ठिकाणी तो वाटते आणि सांगते, असं भरायचं, थोडक्यात आणि स्पष्ट. दर वेळी वाटताना मला माहीत असतं की त्यातलं एकही उत्तर खरं नाही. तरी वाटते.

हे सगळं मी अजूनही लिहिलं नसतं. गेल्या महिन्यात जे झालं त्यामुळे लिहितेय.

त्या गावात पुन्हा काम सुरू करायचं ठरलं. नवी समन्वयक नेमायची होती, त्याआधी स्वयंसेवक गोळा करायला शाळेच्या आवारात सभा. आमच्या ऑफिसातली शिवानी, चोवीस वर्षांची, हुशार, तिच्याकडे ते गाव आहे. मी जाणार नव्हते; शिवानी म्हणाली, मैम, आप बोलती हैं तो लोग जुड़ते हैं. पन्नासेक माणसं आली होती. मी बोलले. चांगलं बोलले. मला ते येतं. शेवटी विचारलं, महिन्यातले दोन दिवस कोण देऊ शकेल, हात वर करा.

कुणी हात वर करेना. बायका एकमेकींकडे बघत होत्या. आणि मागे, लिंबाच्या झाडापाशी, एक हात वर झाला. बारीक मनगट, हिरव्या बांगड्या. केस पिकले होते, पण मी लगेच ओळखलं. तिचा हात सरळ वर होता, शाळेतल्या मुलीसारखा. आजूबाजूच्या बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या आणि तरी तिने तो खाली घेतला नाही.

शिवानी माझ्या कानाशी आली. म्हणाली, “मैम, फाइल में इनके नाम पर कुछ लिखा है ना? ले लें?”

देवाशप्पथ सांगते — मी देव मानत नाही, पण दुसरं काय म्हणू — सात वर्षांनी तेच वाक्य पुन्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. ऐकायला फक्त शिवानी होती. सर नव्हते, फाइल नव्हती. ‘फाइल चुकीची आहे’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग शिवानीने विचारलं असतं, कशी? मग मला सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, “अभी रहने दो.”

शिवानीने मान हलवली आणि दुसरीकडे बघून म्हणाली, और कोई? उर्मिलाचा हात थोडा वेळ तसाच होता. मग तिने तो खाली घेतला आणि पदर सारखा केला, जणू त्यासाठीच वर केला होता.

निघताना ती गाडीपाशी आली. मी आत बसले होते. काच खाली करावी लागली. ती वाकून म्हणाली, “दीदी, घुटना कैसा है अब?”

मी म्हटलं, “ठीक है.”

“कभी फोन कीजिएगा,” ती म्हणाली. इथे सगळेच निघताना असं म्हणतात. टोमणा होता की रीत होती, मला कळलं नाही. गाडी निघाली.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही. आणि हे मी मराठीत लिहितेय — तेही सांगून टाकते. सर हे वाचू शकणार नाहीत, शिवानी नाही, उर्मिला तर नाहीच. अक्षरं लागतील त्यांना, पण जे लागायला हवं ते लागणार नाही. माझ्या मुलीला लागलं असतं, पण ती मराठी वाचत नाही. लिहायला बसले तेव्हाच मला हे माहीत होतं.

तरी ते वाक्य, जे त्या खोलीत म्हणायचं होतं, ते इथे लिहिते. उर्मिलाने काहीही लपवलं नाही. तिला फोन आलाच नव्हता. मी चौदा महिने केला नाही, आणि केला असं लिहिलं.